पाहुण्यांची बाटली

स्पर्धेच्या दिवशी सकाळी माझं पहिलं भांडण झालं ते अगरबत्तीवरून. भंडाऱ्याजवळ हायवेवरच्या एका हॉटेलचा वरचा हॉल घेतला होता. मॅनेजरनं रोजच्यासारखी गल्ल्यावरच्या देवाला अगरबत्ती ओवाळली आणि तीच हातात धरून, धूर सोडत, वर आला. मी ती त्याच्या हातातून काढून जिन्यातल्या कुंडीत खुपसली. तो म्हणाला, मॅडम, देवाची आहे. मी म्हटलं, देवाला राग आला तर माझ्याकडे पाठव. मग खिडक्या उघडून, पंखे लावून हॉल हवेशीर केला, तोवर खालून फोडणीचा वास वर यायला लागला आणि मला स्वयंपाकघरात जाऊन दुसरं भांडण करावं लागलं.

लोकांना वाटतं, दारूची स्पर्धा म्हणजे चार शौकीन बसले, प्याले, डोलले आणि ज्याची जास्त चढली त्याला बक्षीस. माझ्या शेजारणीला तरी तसंच वाटत होतं. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेली बाई रिटायर झाल्यावर दारूच्या कामाला जाते म्हटल्यावर तिनं तोंडाला पदरच लावला. मी तिला सांगितलं की तिथं कोणी पीत नाही, सगळे थुंकतात. ते ऐकून तर तिला आणखीच किळस आली.

पण खरंच थुंकतात. परीक्षक तीन असतात. त्यांच्यापुढे जो ग्लास येतो त्यावर नुसता आकडा असतो. कोणाची दारू, कुठल्या गावची, काही कळू देत नाहीत. ते आधी उजेडात धरून रंग पाहतात, मग हुंगतात, मग एक घोट तोंडात घोळवून बाजूच्या डब्यात टाकतात. रंगाला वेगळे गुण, वासाला वेगळे, चवीला वेगळे, आणि थुंकल्यावर तोंडात मागे काय राहतं त्यालाही वेगळे. दोन ग्लासांच्या मध्ये पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे. तिघांच्या गुणांत फार अंतर पडलं तर आपसात बोलतात, पुन्हा चाखतात. आणि इथं पहिला-दुसरा-तिसरा नसतो. ठरलेल्या गुणांच्या वर गेली ती सुवर्ण, त्याखाली रौप्य, त्याखाली कांस्य. सगळ्यांना सुवर्ण मिळू शकतं आणि कोणालाच काही मिळालं नाही असंही होऊ शकतं. मला ही गोष्ट फार आवडली होती. परीक्षा असावी तर अशी, दुसऱ्याला पाडल्याशिवाय पास होता येणारी.

माझं काम पडद्यामागे होतं. प्रत्येक स्पर्धकानं तीन सीलबंद बाटल्या द्यायच्या, तिन्ही एकाच खेपेच्या. एक माझ्याकडे मशीनवर तपासणीला. तिच्यात जोर किती, शरीराला अपायकारक काही आहे का, ते मी पाहायचं, आणि पास झाली तरच बाकीच्या दोन पुढं जायच्या. त्यातली एक परीक्षकांसाठी ओतायची, दुसरी राखून ठेवायची. कधी बाटलीचं बूच वाईट असतं, कधी प्रवासात माल बिघडतो. परीक्षकांना शंका आली की ते राखीव बाटली मागतात. कोणत्या आकड्यामागे कोण आहे हे फक्त मला माहीत होतं.

त्यात एक आकडा माझ्या वहिनीचा होता.

ही गोष्ट मी सकाळीच, आकडा न सांगता, मुख्य परीक्षक बाईंच्या कानावर घातली होती. बाई नाशिककडच्या, साठीच्या पुढच्या, आयुष्य वाइनच्या धंद्यात गेलेलं, बोलणं मोजकं आणि नजर अशी की समोरच्यानं आपोआप सरळ उभं राहावं. त्या म्हणाल्या, तुम्ही गुण देणार नाही आहात, सगळ्यांच्या तपासणीचे आकडे मी स्वतः पाहीन, बस. मला बरं वाटलं. आमच्या लाखांदूरकडच्या गावाहून मोहाची दारू असल्या स्पर्धेत येते, याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवलाही नव्हता.

गावात हा अभिमान माझ्याएवढा कोणाला नव्हता हेही सांगायला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या बायांनी मतदान करून देशी दारूचं दुकान बंद पाडलं. बाटली आडवी केली. त्या मोर्चात सगळ्यात पुढे माझी वहिनी होती. तीच वहिनी पुढे बचत गटाच्या बाया घेऊन मोहाच्या दारूचा परवाना मागायला गेली, तेव्हा गावानं तिला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. ती सांगायची, गावात एक थेंब विकणार नाही, बाटलीत भरून बाहेर जाईल; मोहफूल आपलं, वेचतो आपण, आणि नाव खराब होते आपलं, तर एकदा चांगली करून तर दाखवू. ग्रामसभेत दिवसभर वादावादी झाली. शेवटी संमती मिळाली ती एका अटीवर. बचत गटाच्या मालाबद्दल सरकारी ऑफिसातून एक जरी तक्रार आली, तरी तलावाकाठच्या त्या शेडला त्याच दिवशी कुलूप. ही अट घालणाऱ्यांत आमचे नातलगच जास्त होते.

आणि स्पर्धेच्या नियमांत एक ओळ होती. कोणी फसवणूक केल्याचं आढळलं तर त्याचं नाव अबकारी खात्याकडे जाईल. ती ओळ मी वाचली होती, वहिनीनंही वाचली होती. आम्हाला दोघींनाही ती दुसऱ्या कोणासाठी लिहिलेली वाटली.

वहिनी आणि माझा भाऊ पहाटेच्या एस.टी.नं आले. भावानं तिन्ही बाटल्या टॉवेलात गुंडाळून लाखांदूरपासून मांडीवर धरून आणल्या होत्या, खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचा म्हणे. भाऊ माझा चांगला माणूस आहे. गाव वहिनीला बोलत होतं तेव्हा तो तिच्या बाजूनं उभा राहिला, शेडचे पत्रे त्यानंच चढवले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्यावर चिडणार आहे.

वहिनीची तपासणीची बाटली मी इतरांसारखीच तपासली. खरं तर इतरांपेक्षा जास्त कडक तपासली, आपलं माणूस म्हटलं की मला उलटाच जोर येतो. दारूचा जोर बरोबर होता. बाकी सगळंही स्वच्छ. बूच काढल्यावर जो वास आला तो मला अजून आठवतो. चैत्रात तलावाच्या पाळीवर सकाळी मोहाखाली उभं राहिल्यासारखा. मी आकडे लिहिले, सही केली आणि उरलेल्या दोन बाटल्या पुढं पाठवल्या. म्हटलं, आता हिला कोणी अडवत नाही.

मोहाच्या ग्लासांची पाळी दुपारी आली. पडद्यामागे मला काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं. ग्लास टेकल्याचा आवाज, मोठा श्वास, थुंकल्याचा आवाज, पेनाची खरखर. त्या खरखरीवरून मला अंदाज यायला लागला होता. बरी असली की पेन बराच वेळ चालायचं. वहिनीचा ग्लास गेला. श्वास ऐकू आला आणि पेन चाललंच नाही. मग नागपूरहून आलेले परीक्षक, हॉटेलच्या धंद्यातले होते, ते म्हणाले, "नेलपॉलिश." तिसरे परीक्षक म्हणाले, घशाला चरका बसतो. मुख्य बाई म्हणाल्या, राखीव बाटली आणा.

मी राखीव बाटली काढून वेटरच्या हातात दिली. वेटरनं राखीव बाटली फोडली, ओतली. पुन्हा तेच.  खुर्ची मागे सरकली आणि मुख्य बाई ग्लास हातात घेऊन सरळ पडदा बाजूला करून आत आल्या.

त्यांनी विचारलं, ही तुम्ही पास केली? मी माझे आकडे दाखवले. त्यांनी माझ्याकडची बाटली उचलली, बूच काढून हुंगली, मग हातातला ग्लास हुंगला, मग पुन्हा बाटली. म्हणाल्या, "ही ती नाही." मी तो ग्लास नाकाशी नेला. कोणालाही कळलं असतं. माझ्याजवळ एक द्रावण होतं, दारूत उग्र वासाचा घाण भाग असेल तर ते गुलाबी होतं. बाईंसमोरच दोन नळ्यांत टाकलं. माझ्या बाटलीतल्या दारूच्या नळीला नुसती झाक आली. ग्लासातल्या दारूची नळी क्षणात गडद गुलाबी झाली. एरवी वर्गात हा प्रयोग दाखवताना मुली ओरडायच्या; त्या दिवशी मला तो रंग पाहवेना.

ती पहिली धार होती. भट्टीतून दारू उतरते तेव्हा सगळ्यात आधी जे येतं ते उग्र, नाकात घुसणारं, डोकं धरायला लावणारं असतं. ते बाजूला काढायचं असतं. मधली धार खरी. शेवटची पाणचट. हे परवान्याच्या आधीच्या प्रशिक्षणात शिकवतात, वहिनीला तर तोंडपाठ होतं. मग बाटलीत पहिली धार आली कशी, आणि आली तर माझ्या बाटलीत का नाही?

बाईंनी माझ्याच मनातलं बोलून दाखवलं. म्हणाल्या, हे मी आधी पाहिलंय. ज्याची स्वतःची दारू खराब असते तो तपासणीला दुसऱ्या कोणाची चांगली बाटली देतो आणि टेबलावर आपली पाठवतो. तपासणीत पास झाला की पुढं नशीब.

मी म्हटलं, माझी वहिनी असं करणार नाही. माझा आवाज चढला होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सकाळी मला सांगितलंत की ही तुमची वहिनी आहे. म्हणूनच आता तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. तिला बोलू दे."

मला आयुष्यात गप्प बसणं कधी जमलेलं नाही. वर्गात नाही, सासरी नाही, ग्रामसभेत तर नाहीच. पण मी गप्प बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला.

बोलवायलाही मला जाऊ दिलं नाही, वेटर गेला; मी बाईंच्या मागून पडद्याबाहेर हॉलमध्ये येऊन उभी राहिले. वहिनी खाली आवारात भावाबरोबर बसली होती. तिनं चपला हॉलच्या दाराबाहेर काढल्या आणि हसत आत आली. तिला वाटलं, बक्षिसाचं काही आहे. नवी साडी, डोक्यावर पदर, त्यातून माझ्याकडे पाहून भुवई उडवली. मी खाली पाहिलं. तिचं हसू तिथंच थांबलं.

मुख्य परीक्षक बाईमाणूस आहे हे पाहून ती जरा गोंधळली. बाईंनी तिला बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. तपासणीची बाटली आणि आम्हाला दिलेल्या बाटल्या वेगळ्या आहेत. नियम एकाच खेपेच्या बाटल्या द्यायचा आहे. आता मला दोन गोष्टींपैकी एक लिहावी लागेल. एक तर चूक, नाही तर फसवणूक. फसवणूक लिहिली तर ती अबकारी ऑफिसात जाईल.

 वहिनीला काय दिसलं ते मला दिसत होतं. तलावाकाठची शेड, दारावर कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली घेऊन उभे असलेले आमचेच नातलग.

ती म्हणाली, तिन्ही बाटल्या एकाच खेपेच्या आहेत, एकाच दिवशी एकाच भट्टीतून उतरलेल्या, पाणी घालून जोरही सारखा केलेला. बाईंनी विचारलं, मग दोन वास कसे? वहिनी माझ्याकडे पाहायला लागली. मी फरशीकडे पाहत राहिले. मला काही माहीतच नव्हतं, आणि माहीत असतं तरी डोळ्यानंसुद्धा सांगायचं नव्हतं.

मग ती म्हणाली, "एक मशीनची बाटली होती मॅडम. मशीनले कायचा पाहुणचार? तिले मधली देली. तुमी पाहुणे. तुमाले पहिली."

 मी डोळे मिटून घेतले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात ते हेच. आमच्याकडे व्याही आले, जावई आला, साहेब आला की घरातला पुरुष आतल्या खोलीतून जपून ठेवलेली बाटली आणतो आणि सांगतो, पहिल्या धारेची आहे. ते म्हणण्यात मान असतो. दुसरी दिली तर पाहुणा गावभर सांगतो की आम्हाला उरलीसुरली पाजली. हे मी लहानपणापासून ऐकत आले, आणि इतकी शिकूनसवरून मला त्या नळ्यांपुढे ते सुचलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, तुम्हाला शिकवलं होतं ना, पहिली टाकून द्यायची? वहिनी म्हणाली, विकायची असली तर टाकतोच. पाहुण्यांसाठी ठेवतो. बाईंचा विश्वास बसला नाही. बसण्यासारखं तरी काय होतं, पकडला गेल्यावर माणूस काहीही सांगतो. नागपूरच्या परीक्षकांनी तर मान हलवून कागद पुढं ओढला.

बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. दोन कोरे ग्लास मागवले. पाठ फिरवून एकात माझ्याकडची दारू ओतली, एकात टेबलावरची, आणि वहिनीपुढे ठेवून विचारलं, यातली चांगली कोणती?

मला बाईंचा डाव कळला. वहिनीनं मधली चांगली म्हटलं तर संपलं. म्हणजे हिला खराब कोणती ते माहीत होतं, आणि माहीत असून तीच आमच्या टेबलावर आली. वहिनीला यातलं काहीच कळलेलं नव्हतं. तिला वाटलं, हीच परीक्षा, बरोबर उत्तर दिलं तर सुटका. तिनं एका ग्लासातले दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले, हुंगले. दुसऱ्यातले दुसऱ्या तळहातावर. पुन्हा पहिला हात, पुन्हा दुसरा. मला वाटलं, अख्खी दुपार गेली.

"हे," ती म्हणाली आणि टेबलावरचा, तो नेलपॉलिशचा ग्लास पुढे सरकवला. "कशी झणकन नाकात जाते. दुसरी तं मऊच हाय."

 बाईंनी विचारलं, आणि चवीला?

वहिनी म्हणाली, "मले काय मालूम मॅडम. मी कधी पेली नाही."

नागपूरच्या परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. बाईंनी विचारलं, मग चाखतं कोण? वहिनी म्हणाली, माझे घरचे चाखतात. ते काय सांगतात? सांगतात, बरी झाली. एवढंच? एवढंच.

दोन वर्षं माझी वहिनी दारू गाळत होती. वास पाहून, तळहातावर चोळून, काडी लावून ज्योत पाहून. गावात चांगल्या घरची बाई दारूला तोंड लावत नाही, म्हणून तिनं लावलं नव्हतं. पहिली धार चांगली हे तिला कळलं ते पुरुषांच्या तोंडून, ज्या कौतुकानं ते त्या धारेचं नाव घेतात त्यावरून.

बाईंनी तो झणकन जाणारा ग्लास तिच्या हातात दिला. म्हणाल्या, घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळू नका. वहिनीनं ग्लास धरला आणि ओठापाशी नेऊन थांबली. दाराकडे पाहिलं, खाली नवरा होता. माझ्याकडे पाहिलं, मी नणंद होते. पुटपुटली की आमच्याकडे बायामाणसं घेत नाहीत. बाई म्हणाल्या, "मीही बाईच आहे. रोज घेते आणि रोज थुंकते."

वहिनीनं घोट घेतला आणि लगेच डब्यावर वाकली. डोळ्यांतून पाणी आलं, पदरानं तोंड पुसत म्हणाली, जळते. बाईंनी तिला पाणी दिलं, मुरमुरे दिले, थोडं थांबायला लावलं. मग दुसरा ग्लास दिला.

तो घोट तिनं तोंडात ठेवला. बराच वेळ ठेवला. डबा तिच्यापुढे होता, पण ती वाकली नाही. गिळला आणि ग्लासाकडे पाहत राहिली.

"हे आमचीच हाय?"

"तुमचीच."

ती हळू आवाजात म्हणाली, "मंग मी तुमाले ते कायले देली?"

मला रडू आलं. राग आला की मला रडू येतं, आणि त्या क्षणी कोणावर रागवावं ते मला कळत नव्हतं. बाकीच्या दोघा परीक्षकांनी माझ्याकडच्या बाटलीतून थोडी थोडी घेतली. सकाळपासून प्रत्येक घोट थुंकणारी ती माणसं. त्यांनीही तो घोट थुंकला नाही. गुण कोणी बोललं नाही, पण ते सुवर्णाच्या पार वरचे होते, हे सांगायला मला पडद्याआडून पेनाची खरखर ऐकायची गरज नव्हती.

बाईंनी कागदावर लिहिलं, नमुने वेगवेगळे, नोंद रद्द. फसवणूक हा शब्द लिहिला नाही. लिहिलेलं वहिनीला वाचून दाखवलं. वहिनीनं पहिलं विचारलं, कुलूप तर नाही लागणार? बाई म्हणाल्या, या कागदानं नाही लागणार. मग वहिनीनं जरा धीर करून विचारलं, आता ही दुसरी चाखली ना तुम्ही, हिला गुण देता येत नाहीत का? बाई म्हणाल्या, नाही. टेबलावर जी आली तिलाच गुण. मीही तेच म्हटलं असतं. पोरांना मी जन्मभर तेच सांगत आले, पेपरात जे लिहिलं त्यालाच मार्क, घरी काय येत होतं त्याला नाही. पण त्या दिवशी हे वाक्य मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी पदकं जाहीर झाली. मोहाच्या गटात सुवर्ण कोणालाच नाही. एक रौप्य, दोन कांस्य. वहिनीनं सगळ्यांसाठी टाळ्या वाजवल्या.

भंडाऱ्याच्या स्टँडवर त्यांना सोडायला मी गेले. लाखांदूरची गाडी लागायची होती. भाऊ विचारत होता, काय झालं, काय झालं, म्हणून मी रिक्षातच त्याला सगळं सांगितलं होतं. तो हळहळला, म्हणाला, नशीब. बाकावर वहिनी दोघांच्या मध्ये बसली होती.  मग पुढे पाहतच तिनं त्याला विचारलं, "तुमाले मालूम होतं का? पहिलीपेक्षा मधली चांगली लागते म्हणून?"

भाऊ म्हणाला, "मालूम तं होतंच. चवीले मधलीच. पहिली नुसती डोक्यात जाते."

"मंग सांगतलं काहून नाही?"

भावानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, लपवाछपवी नव्हती, खरंच नवल होतं. "तू थोडीच पेते," तो म्हणाला. "तुले कायले सांगाव?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. माझ्याहून मोठा भाऊ, भर स्टँडवर, तरी वाटली. दोन वर्षं हा रोज हिच्या हातची चाखत होता. एक वाक्य सांगायचं होतं. वाईट मनानं लपवलं असतं तरी चाललं असतं, भांडता आलं असतं. यानं लपवलंच नव्हतं. त्याला ते सांगण्यासारखंच वाटलं नव्हतं. मी तोंड उघडलं, पण वहिनीनं माझा हात दाबला. गाडी लागली. ती पुढे जाऊन एका बाईच्या शेजारी बसली, भावाला मागे जागा मिळाली. रिकामा टॉवेल त्याच्या खांद्यावर होता.

यंदा मोहफूल चांगलं पडलं. पहिली भट्टी लागली तेव्हा मी गावीच होते. शेडमध्ये गटातल्या सगळ्या बाया जमल्या होत्या आणि भाऊ नेहमीसारखा ग्लास घेऊन नळीपाशी येऊन उभा राहिला. वहिनीनं त्याच्या हातून ग्लास घेतला, धारेखाली धरला, घोट तोंडात फिरवला आणि सगळ्यांच्या देखत मातीत थुंकली.  तिनं पहिल्या धारेचं भांडं उचलून मागच्या खड्ड्यात ओतलं. पाहुण्यांसाठी बाटलीभर ठेवायची का, एकीनं विचारलं. वहिनी म्हणाली, नाही.

ती थोड्या थोड्या वेळानं चाखत राहिली, थुंकत राहिली. भाऊ दोनदा म्हणाला, आण इकडे, मी सांगतो. ती म्हणाली, "तुमी बसा." मग एका घोटाला ती थुंकली नाही. ग्लास भरला आणि शेजारच्या बाईला दिला. ती बाई लाजली, माझ्याकडे पाहिलं, पाठ फिरवून पदराआड चाखली आणि पुढचीला दिला. तिनं तिच्या पुढचीला. एक म्हातारी नको नको म्हणत होती, तिनं सगळ्यात मोठा घोट घेतला. मग माझ्याकडे आला, मीही घेतला.

भावापर्यंत ग्लास आला तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं. त्यानं तो विसळून फळीवर ठेवला.